तबकडीचा भाव आणि तबकडीचे मोल

दसरा उलटला की घरोघर माळे उपसायला सुरुवात होते. तांब्याचे घंगाळ, मोडका पाळणा, कुणाच्या तरी लग्नात आलेली पितळी भांडी यांच्याबरोबर एखादी पत्र्याची पेटी खाली येते आणि तिच्यातून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काळ्या तबकड्या निघतात. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "भंगारात द्या, तेवढीच जागा होईल." दुसरा म्हणतो, "थांबा! याला आता लाखो रुपये मिळतात. मोबाईलवर बघितलंय मी."

या दोन पक्षांत समेट घडवून आणण्यासाठी आमच्या शिरूर-दौंड भागातली मंडळी मला बोलावतात. तबकड्या जमवण्याचा नाद मला फार वर्षांचा, आणि नादिष्ट माणूस फुकट येतो हे सर्वांना ठाऊक असते. चहा मिळतो, दिवस बरे असले तर ताज्या चकल्याही मिळतात. दोन्ही पक्षांचे म्हणणे बरोबर नाही, हे कोणालाही न दुखवता सांगायचे, एवढेच या कामातले अवघड कलम.

वाचकहो, तुमच्याही माळ्यावर अशी पेटी असण्याचा संभव आहे, म्हणून थोडे व्यवस्थित सांगतो.

तबकडी हातात घेतली की आधी ती कशाची आहे ते पाहावे. जड, कडक आणि टिचकी मारली तर खापरासारखी वाजणारी असेल तर ती लाखेची. मिनिटाला 78 फेरे घेणारी. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे, आणि तेवढ्यात आपल्या गवयांना अख्खा राग उभा करावा लागे. आपल्याकडे या तबकड्या 1970 च्या सुमारापर्यंत निघत होत्या. हलकी आणि किंचित वाकणारी असेल तर ती व्हिनाइलची; 45 फेऱ्यांची लहान किंवा 33⅓ फेऱ्यांची मोठी, जिला आपण लाँग प्ले म्हणतो. घरात आजोबांचा चावीचा फोनो असेल तर हौसेने त्याच्यावर लाँग प्ले लावू नका. त्याची पोलादी सुई आणि साउंडबॉक्सचे वजन व्हिनाइलच्या बारीक रेषा खरवडून काढते. गाणे एकदा वाजते आणि कायमचे बिघडते.

आता किमतीचे. 'जुने ते सोने' ही म्हण तबकडीला लावू नये. तबकडीचा भाव तीन गोष्टींवर ठरतो: मुळात किती निघाल्या, त्यांतल्या चांगल्या स्थितीत किती उरल्या, आणि आज ती किती जणांना हवी आहे. बालगंधर्वांच्या तबकड्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतल्या, घरोघर खपल्या, म्हणून आजही त्या पेट्यांतून निघतात. त्या ऐकाव्यात, जपाव्यात, पण त्यांच्या जिवावर बंगला बांधण्याचे मनात आणू नये. याच्या उलट, हिंदुस्थानात पहिले ध्वनिमुद्रण झाले ते 1902 साली कलकत्त्याला. त्या खेपेस गौहर जान गाऊन गेल्या आणि तबकड्या छापून आल्या थेट जर्मनीतल्या हॅनोव्हरहून. तिथल्या कारखान्यात गाणे कोणाचे हे कळावे म्हणून त्या काळचे गायक शेवटी आपले नाव इंग्रजीत सांगून मोकळे होत. अशी एकबाजूची, चांगली वाजणारी तबकडी कोणाच्या पेटीत निघाली तर मात्र मला आधी कळवा, भंगारवाल्याला नंतर.

छापही पाहावी. कुत्र्याचे चित्र असलेली एच.एम.व्ही. सर्वत्र आढळते. ओडियन त्या मानाने कमी. मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन कंपनीची 'यंग इंडिया' ही स्वदेशी छाप 1935 पासून सुमारे वीस वर्षे चालली. तिच्यावर पुष्कळ नवख्या गायक-गायिकांची गाणी निघाली, आणि ती दुसरीकडे कुठेच नाहीत. बाजारात नाव नसलेल्या माणसाची तबकडी संग्राहकाला कधी कधी नामवंतापेक्षा मोलाची वाटते, ती यामुळे.

पण छाप, साल, गायक सगळे जुळले तरी अंग चांगले हवे. तबकडी उजेडात तिरपी धरावी. काळी कुळकुळीत चमक असेल तर ठीक. करडी, राखट दिसली तर सुईने तिच्या रेषा खाऊन टाकल्या असे समजावे. मधल्या भोकाभोवती लेबलवर किती चरे आहेत ते पाहावे. खुंटी शोधताना पडलेले ते चरे म्हणजे तबकडी किती वेळा लावली याची हजेरीच. मग कडेवरून नख फिरवावे. बारीक तडा असेल तर नख अडखळते. आणि वाजवल्यावर तोच तडा मिनिटाला 78 वेळा 'टक्' म्हणतो.

आमच्या दोन गावांतल्या पेट्या मी डोळे मिटून ओळखू शकेन. शिरूर, म्हणजे जुन्या माणसांचे घोडनदी, नगर रस्त्यावरची बाजारपेठ. आसपासच्या खेड्यांतली लग्ने, जत्रा, वराती यांना गाणी पुरवणारे लाऊडस्पीकरवाले इथे होते. त्यांच्या पेट्यांत सिनेमाची गाणी आणि लावण्या भरपूर. लेबलवर पांढऱ्या रंगाने मालकाची अक्षरे रंगवलेली, कारण वरातीच्या गोंधळात माल बदलला जाई. ज्या तबकडीने दोनशे नवरदेव मांडवात पोचवले तिच्याकडून आता सुरांची अपेक्षा करणे निर्दयपणाचे आहे. तिला भाव नसतो. मी मात्र एखादी घेतो, कारण कोणत्या गाण्यावर कोणते गाव नाचले याचा तो दाखला असतो.

शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याला उतरले आणि सोलापूरच्या अंगाला वळले की पुढे दौंड. तिथल्या पेट्यांचा थाट निराळा. मनमाडची लाईन 1878 साली झाली आणि दौंड जंक्शन झाले. रेल्वेच्या वसाहतीत बदलीवर कुठकुठली माणसे आली. त्यामुळे एकाच पेटीत मराठी नाट्यगीताशेजारी इंग्रजी नाचाची गत, तिच्याखाली एखादे तमिळ भजन, असा रेल्वेच्या डब्यासारखा शेजार सापडतो. या तबकड्या घरात वाजलेल्या, कापडाने पुसलेल्या. त्यांचे अंग बरे असते.

अशाच एका पेटीसाठी मागच्या साली मला दौंडला बोलावणे आले. रेल्वेत गार्ड असलेल्या गृहस्थांच्या मागे राहिलेली पेटी. घरात आजी, सून आणि शिकणारा नातू. पुण्याच्या एका व्यापाऱ्याने सरसकट पेटीचे पाच हजार देऊ केले होते. नातवाच्या हिशेबाने पेटी दोन लाखांची होती. आजींना मात्र पावसाळ्यात गळणारे पत्रे बदलायचे होते, आणि त्यासाठी खरा आकडा हवा होता.

त्रेचाळीस तबकड्या निघाल्या. दोन तास लागले. चौतीस अगदी सर्रास मिळणाऱ्या, चार झिजून गेलेल्या. चार मात्र खरोखर चांगल्या: लाखेच्या, शास्त्रीय गायनाच्या, नव्यासारख्या चमकणाऱ्या. मी सांगितले, "आजी, पेटी सरसकट देऊ नका. या चार वेगळ्या विका. त्या चारांचेच पाच हजारांहून जास्त येतील. पण दोन लाख विसरा."

नातवाचे तोंड उतरले. आजी म्हणाल्या, "अन् ती एक राहिली ना?"

ती त्रेचाळिसावी. कडेपासून मध्यापर्यंत तडा गेलेला, लेबल कसरीने अर्धे खाल्लेले. गाणारीच्या नावातले 'बाई' एवढेच उरले होते. व्यापाऱ्याने ती बाजूला टाकली होती म्हणे.

"हे ड्यूटीवरनं आले की आधी हीच लावायचे," आजी म्हणाल्या. "आम्ही म्हणायचो, दुसरी लावा की."

माझ्याबरोबर योग्य सुईचे यंत्र होते. लावली. 'टक्, टक्' चालू झाले आणि त्याच्यामागून एका बाईचा आवाज आला. उंच, मोकळा, ठसक्याचा. शब्द फेकण्याची तऱ्हा अशी, की ही बैठकीत बसून गाणारी हे पहिल्या ओळीतच कळावे. तीन मिनिटे घरात कोणी बोलले नाही. लेबलाजवळ लाखेत उमटलेला क्रमांक मी उतरवून घेतला. माझ्याजवळच्या कोणत्याही यादीत तो मिळाला नाही.

"हिचे किती येतील?" आजींनी विचारले.

"बाजारात काही नाही."

"अन् तुमच्या हिशेबानं?"

"माझ्या हिशेबाने ही विकायचीच नाही."

नातू हुशार. तो म्हणाला, "काका, विकायची नाही म्हणजे किंमत शून्यच झाली की!"

त्याला जे उत्तर दिले ते इथे लिहितो, कारण हा प्रश्न नेहमी येतो. भास्करबुवा बखले 1922 साली गेले. अल्लादियाखाँसाहेब 1946 साली गेले. ज्यांच्या गायकीवर महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्या पोसल्या, त्यांचा आवाज आज ऐकायला मिळत नाही. समजा त्यांची एखादी तबकडी कुठे निघाली, तडकलेली, करडी, मिनिटाला 78 वेळा टकटकणारी, तर तिला आपण शून्य म्हणू का? आणि खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर. 1977 साली अमेरिकेने व्हॉयेजर याने आकाशात सोडली, त्यांच्यावरच्या सोनेरी तबकडीत केसरबाईंची भैरवी आहे. पण ती निवडल्यावर तबकडी मिळेना, कारण ती छापणे बंद झाले होते. शेवटी न्यूयॉर्कमध्ये एका हिंदी कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या तीन कोऱ्या प्रती सापडल्या. ते खोके आदल्या आठवड्यात कोणी आवरून टाकले असते तर? भाव बाजार ठरवतो. मोल ठरवायला आधी कोणीतरी ती तबकडी ऐकावी लागते.

नातवाला हे कितपत पटले कोण जाणे. पण त्याने त्या गाण्याची प्रत मोबाईलमध्ये मागून घेतली. चार तबकड्या विकून पत्र्यांचे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे यंदा करायचे चालले आहे. त्रेचाळिसावी आजींच्या कपाटात आहे, आणि तिची प्रत मी जाणकारांकडे धाडली आहे. कोणी आवाज ओळखला तर त्या बाईंना त्यांचे नाव परत मिळेल.

तेव्हा यंदाच्या आवराआवरीत एवढे करा. तबकड्या एकावर एक रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. पत्र्याच्या घरात माळ्यावर ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात व्हिनाइल पापडासारखी वाकते. लाखेची तबकडी स्पिरिटने किंवा हात धुण्याच्या सॅनिटायझरने कधीही पुसू नका, लाख त्यात विरघळते; मऊ ओला कपडा पुरे, आणि लेबल कोरडे ठेवा. द्यायचीच असेल तर आधी एका वहीत छाप, क्रमांक, गायकाचे नाव उतरवून घ्या. मुंबईत 1990 पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने हेच काम केले. डॉ. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकातून कितीतरी विसरलेल्या गायकांची टिपणे जमवली, ती अशाच घरगुती पेट्यांच्या आधारावर.

आणि भंगारवाल्याची हाक दारात आली तरी त्याला घटकाभर थांबवा. तडकलेली म्हणून वेगळी काढलेली तबकडी एकदा लावून पाहा. फार तर तीन मिनिटे जातील. तेवढ्यात चुलीवरचा चिवडा करपत नाही.