एका खिडकीसाठी किती खेटे?

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, पालघर, मा. मुख्याधिकारी, पालघर नगर परिषद. तसेच जिल्ह्यातील सर्व सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी



दोन वर्षांपूर्वी आमच्या घराच्या पश्चिमेकडच्या खिडकीची चौकट वाळवीने खाल्ली. बोट लावलं की भुसा गळायचा. सुतार म्हणाला, सरकती खिडकी बसवू, दोन दिवसांचं काम. पण शेजाऱ्यांनी बजावलं, आधी परवानगी घ्या, नाहीतर नोटीस येईल. विचारायला गेलो. एका टेबलावर ‘नकाशा आणा’, दुसऱ्यावर ‘हे आमच्याकडे येत नाही’, तिसऱ्या खेपेला ‘साहेब मीटिंगला गेलेत’. तेवढ्यात पाऊस लागला. चार महिने त्या जागी निळी ताडपत्री ठोकलेली होती. वाऱ्याने खिळे उपटायचे आणि आई मध्यरात्री उठून खालची बादली रिकामी करायची.

कायदा इतका आडमुठा नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 43 नुसार, घराच्या केवळ आतल्या भागापुरत्या किंवा बाहेरचं रूप फारसं न बदलणाऱ्या दुरुस्तीला परवानगी लागत नाही. जुनी खिडकी काढून त्याच मापाची नवी बसवणं यातच येतं. एवढं एक वाक्य मला पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं, तर ताडपत्री लागलीच नसती.

प्रत्येक काम असं सोपं नसतं, हेही मान्य आहे. पूर्वी पावसाळ्यात पडवीला झापं बांधायची आणि पाऊस सरला की सोडायची. आता तीच पडवी काचा लावून कायमची बंद होते, तिची खोली होते. तिथे विचारणा व्हायलाच हवी. वजन पेलणाऱ्या भिंतीत नवी रुंद खिडकी पाडायची, तर वर लिंटल हवाच. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीला भूकंपाचे धक्के सोसावे लागले आहेत. तिथे भिंत फोडण्याआधी अभियंत्याने पाहणं हा जिवाचा प्रश्न आहे.

आणि बोईसर-तारापूरकरांना घट्ट बसणारी खिडकी ही हौस नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात तारापूर 93.69 गुणांसह देशातलं सर्वांत प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरलं होतं. रात्री वास सुटला की इथली माणसं खिडक्या लावून घेतात. त्यात फट राहिली तर लहान मूल खोकत उठतं. अशा माणसाने परवानगी विचारायला कुठे जायचं? एमआयडीसीच्या हद्दीत एमआयडीसी, गावठाणात ग्रामपंचायत, गावठाणाबाहेर महसूल आणि नगररचना. हद्द कुठे संपते, हे घरमालकाला ठाऊक नसतं.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक कार्यालयाच्या दारात मोठ्या अक्षरांत मराठी फलक लावा: कोणत्या कामाला परवानगी लागत नाही, कोणत्या कामाला लागते, ती कोण देतं, कागद कोणते, शुल्क किती. अर्ज घेतला की तारखेची पोच द्या. याच कायद्याच्या कलम 45 मध्ये निर्णयासाठी 60 दिवसांची मुदत आहे. ती तारीख पोचपावतीवरच लिहा. नकार असेल तर कारणासह लेखी द्या, तोंडी नको.

फलकाला फार खर्च येणार नाही. येत्या मृगाच्या आत तो लावा.

आपला,
बोईसरचा एक रहिवासी