सांगणं वेगळं, करू देणं वेगळं

गणिताची रीत फळ्यावर लिहून देणं वेगळं आणि मुलाच्या हाती खडू देऊन त्याच्याकडून गणित सोडवून घेणं वेगळं. मोबाइलवरच्या ‘मदत’ नावाच्या पानांचंही तसंच आहे. काही पानं नुसती सांगत राहतात: इथे जा, ते दाबा, नाही जमलं तर फोन करा. काही ठिकाणी मात्र माहितीच्या शेजारीच काम उरकण्याची सोय असते.

दूरसंचार विभागाचं २०२३ मध्ये सुरू झालेलं ‘संचार साथी’ पाहा. मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावर कोणकोणते नंबर चालू आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर ‘हा माझा नाही’ असं तिथल्या तिथे कळवता येतं. चोरीला गेलेला फोन ब्लॉक करण्याचा अर्जही तिथेच आहे. त्यासाठी पोलीस तक्रारीची प्रत आणि फोनचा १५ अंकी आयएमईआय नंबर लागतो.

कार्डावरचे व्यवहार चालू-बंद करण्याची सोय ग्राहकाला चोवीस तास द्या, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये बँकांना बजावलं. खात्यातून पैसे जाऊ लागले, तर फोन लागण्याची वाट पाहण्यापेक्षा हे बटण जवळचं.

पण ते दाबणार कोण? मुलगा दुबईला, अब्बू दुकानावर, घरात अम्मी एकट्या. म्हणून एखाद्या निवांत रविवारी त्यांच्या शेजारी बसा. कार्ड कुठून बंद होतं, पुन्हा कसं चालू होतं, ते त्यांच्याच हाताने करून पाहू द्या. ‘स्टार, हॅश, ०६, हॅश’ दाबून येणारा आयएमईआय नंबर वहीत लिहून ठेवा.

एक खबरदारी घ्या. मेसेजमधून आलेली लिंक म्हणजे मदत नव्हे. ॲप आपण स्वतः उघडायचं. कार्ड तात्पुरतं बंद करणं आणि कायमचं ब्लॉक करणं यांतला फरकही वाचून घ्यायचा. फसवणूक झालीच तर १९३० वर लगेच कळवायचं.

घाईत आपण त्यांच्या हातातून फोन काढून घेतो आणि काम करून देतो. काम होतं, पण शिकणं राहून जातं. बोट त्यांचंच असू द्या.