रंग चढला, पण पक्का आहे का?

नवा रंग बाजारात आला की आम्ही कापडवाले तीन प्रश्न विचारतो. उठाव कसा आहे? उन्हात टिकतो का? भाव काय? सेंद्रिय सौरघटांसाठी नवे रेणू घडविणाऱ्या शास्त्रज्ञांनाही आम्हाला हेच विचारावयाचे आहे.

या घटात सिलिकॉनऐवजी कार्बनी रसायनांचा पातळ थर असतो. तो शाईप्रमाणे प्लास्टिकवर छापता येतो. थरात दोन पदार्थ मिसळलेले असतात. प्रकाश पडला की एक इलेक्ट्रॉन देतो, दुसरा घेतो. १९९५ पासून सुमारे वीस वर्षे घेणाऱ्याचे काम चेंडूच्या आकाराच्या फुलरीनकडे होते. परंतु फुलरीन दृश्य प्रकाश फारसा शोषत नाही आणि त्यात हवा तसा फेरफार करणेही कठीण.

२०१५ साली पेकिंग विद्यापीठातील संशोधकांनी 'आयटीआयसी' हा बिनफुलरीन रेणू मांडला. मधला भाग इलेक्ट्रॉन देणारा, दोन्ही टोके ओढणारी. टोके बदलली की शोषला जाणारा प्रकाशही बदलतो. रंगाच्या कारखान्यात छटा याच तत्त्वावर बदलतात. २०१९ साली चीनमध्येच 'वाय-६' आला आणि कार्यक्षमता १५.७ टक्क्यांवर गेली. आज प्रयोगशाळेतील लहान घट २० टक्क्यांच्या घरात आहेत. म्हणजे उठाव मिळाला.

पक्केपणाचे काय? मधला भाग व टोक ज्या दुहेरी बंधाने जोडलेले असतात, तो अतिनील किरणांत कमजोर ठरतो. सिलिकॉनचे पॅनेल तर पंचवीस वर्षांच्या हमीने विकले जाते. भावाचेही तसेच. हे रेणू अनेक पायऱ्यांनी बनतात आणि प्रत्येक पायरीला माल घटतो.

येथे निळीचा इतिहास आठवावा. बायर यांनी १८८० साली प्रयोगशाळेत नीळ बनविली, पण ती महाग पडे. डांबरातून मिळणाऱ्या स्वस्त नॅफ्थलीनपासून ती बनू लागली, तेव्हा १८९७ साली जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने ती बाजारात आणली. त्यानंतर बिहारची निळीची शेती बसली. निकाल लागला तो स्वस्त कच्च्या मालावर.

म्हणून आमचे म्हणणे असे की, रेणू कागदावर असतानाच त्याच्या पायऱ्या मोजाव्यात आणि टक्केवारीशेजारी तो उन्हात किती तास टिकला तेही छापावे. कमी पायऱ्यांचे साधे रेणू शोधण्याचे काम काही ठिकाणी सुरू आहे. त्याला अधिक मान मिळावा. महाराष्ट्र-गुजरातच्या रंगरसायन कारखानदारांना पायऱ्या कमी करण्याची विद्या अवगत आहे. त्यांनी यात आताच लक्ष घालावे. निळीच्या वेळी आपण फक्त पाहत राहिलो होतो.