धन कोणाचे? गुप्तधनाची दंतकथा आणि समीक्षेची चुकलेली वाट

मराठी समीक्षेला गुप्तधनाच्या दंतकथेचे वावडे नाही. वावडे आहे ते त्या कथेत विचारल्या गेलेल्या प्रश्नाचे. लोकसाहित्याचा अभ्यासक ती कथा एक कल्पनाबंध म्हणून नोंदवतो आणि पुढच्या कथेकडे वळतो. आदिबंधात्मक समीक्षेत मुरलेला समीक्षक जमिनीखालच्या हंड्यात सामूहिक अबोध मन पाहतो. विवेकवादी भाष्यकाराला तीत अंधश्रद्धेचा आणखी एक पुरावा मिळतो. या तिघांची आपापसांतील भांडणे जुनी आहेत. परंतु ही कथा माणसाच्या हावेविषयी आहे, हे तिघांनीही विनातक्रार गृहीत धरले आहे. हे गृहीतच तपासून पाहिले पाहिजे. त्यासाठी मालवणच्या किनाऱ्याइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल.

या भागातील कथांची घडण प्रथम लक्षात घ्यावी. रात्री साखळदंडांचा आवाज करीत सरकणारा हंडा, त्याला वेटोळे घालून बसलेला भुजंग, जागेचा राखणदार, भूमिगत धन पाहू शकणारा पायाळू आणि स्वप्नात होणारा दृष्टान्त, ही या कथांची परिचित सामग्री होय. तीत नकाशा नाही, ही बाब समीक्षेच्या नजरेतून सुटली आहे. स्टीव्हन्सनच्या १८८३ च्या ‘ट्रेझर आयलंड’मध्ये सारे कथानक नकाशाभोवती फिरते. नकाशा ज्याच्या हाती, धन त्याचे. तू कोण, असे नकाशा विचारत नाही. कप्तान फ्लिंटने ते धन ज्यांच्याकडून लुटले त्यांचा हक्क कादंबरीच्या शेवटी होणाऱ्या वाटणीत कोणाच्या मनातही येत नाही. कोकणातल्या कथेत ‘कुठे’ हा प्रश्नच नसतो, कारण पडका वाडा कोणता आणि पिंपळ कोणता, हे गावाला ठाऊक असते. राखणदार विचारतो ते वेगळेच : धन कोणाचे, मागणारा कोण, आणि त्याने मोबदला काय द्यायचा? या कथेचा विषय हाव नसून हक्क आहे. हाव ही हक्काचा प्रश्न टाळणाऱ्याला मिळणारी शिक्षा आहे.

हा प्रश्न याच किनाऱ्यावर इतका टोकदार का झाला, याचे उत्तर मनोविश्लेषणात मिळणार नाही. ते इतिहासात आहे. १६६४ मध्ये कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. ज्या सत्तांनी या समुद्रावर दस्तके दिली आणि जकात घेतली, त्यांच्या आरमारांना इंग्रजांच्या दप्तराने चाचे ठरविले. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेऊन त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. पुढच्याच वर्षी तो कोल्हापूरकरांना परत मिळाला आणि १८१२ च्या तहाने मालवण कायमचे कंपनीकडे गेले. उत्तरेकडे विजयदुर्गावर १७५६ च्या फेब्रुवारीत तुळाजी आंग्र्यांचा पाडाव झाला. तेथे हाती लागलेली लूट सुमारे दहा लाख रुपयांची होती. तिच्यात कोणाचा किती वाटा, हे इंग्रज अधिकाऱ्यांनी मोहीम निघण्यापूर्वीच मुंबईत ठरवून टाकले होते. मोहिमेतील भागीदार असलेल्या पेशव्यांच्या पदरी त्यातले काही पडले नाही. हे धन पुरले गेले नाही. ते मोजले गेले, वाटले गेले आणि हिशेबात लिहिले गेले. ज्याच्याकडे हिशेबाची वही राहिली तो विजेता ठरला. ज्याच्याकडे दंतकथाच उरली तो चाचा ठरला.

यावरून देशीवादी अभिमानाची नवी पोथी रचण्याचा मोह कोणाला झाल्यास तोही येथेच आवरला पाहिजे. तुळाजींचा पाडाव पेशव्यांच्या सहकार्यानेच झाला, आणि दस्तकाचा भार किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांनीही सोसला होता. दंतकथा कोणाचेही गुणगान करीत नाही. ती धनाला मालक देत नाही, राखणदार देते. मालकी आणि राखण यांतील हा भेद हीच तिची वैचारिक कमाई आहे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमाने हा भेद पुसला. दहा रुपयांहून अधिक मोलाचे निखात धन सापडल्यास त्याची वर्दी कलेक्टरला द्यावी, असे तो कायदा सांगतो. सापडविणारा आणि जमीनमालक यांच्यातील वाटणीचे प्रमाणही तो ठरवून देतो. राखणदाराच्या जागी कलेक्टर आला आणि ‘कोणाचे?’ या प्रश्नाचे रूपांतर ‘किती हिस्सा?’ या प्रश्नात झाले.

समीक्षेनेही हेच रूपांतर निमूटपणे स्वीकारले. ‘तुंबाड’ या २०१८ च्या हिंदी चित्रपटाविषयीची चर्चा याचा उत्तम नमुना आहे. चित्रपटाने नाव घेतले ते श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या कादंबरीवरून आणि भयाची प्रेरणा घेतली ती नारायण धारप यांच्या कथेवरून. कादंबरीचा विषय एका खोत घराण्याच्या पिढ्या हा आहे. चित्रपटात पुरलेले सोने आले. बहुतेक भाष्यकारांनी त्यात हावेची बोधकथा पाहिली आणि ते तेथेच थांबले. परंतु त्यातल्या हस्तराला सोन्याबरोबर धान्यही हवे असते आणि पिठाच्या बाहुलीनेच त्याला भुलविले जाते. कुळाने पिकविलेल्या धान्यावर हक्क कोणाचा, हाच खोतीचा प्रश्न होता आणि त्यासाठीच १९४९ मध्ये खोती रद्द करणारा कायदा करावा लागला. चित्रपटाच्या पोटात हा इतिहास धुमसत असताना समीक्षा मात्र लोभ आणि पाप यांची जपमाळ ओढत राहिली.

हरवलेल्या खाणींच्या कथा अन्यत्रही आहेत, जे. फ्रँक डोबी यांनी टेक्सास आणि अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील अशा कथा १९३० मध्ये ‘कोरोनाडोज चिल्ड्रन’ या ग्रंथात एकत्र केल्या. सिंधुदुर्गात खाण हरवलेली नाही. ती डोळ्यांदेखत आहे. रेडीचे लोहखनिज तेथल्याच बंदरातून परदेशी गेले. त्याच खाणींच्या परिसरात १९७६ मध्ये एका ट्रकचालकाला झालेल्या दृष्टान्तावरून खणले असता गणेशमूर्ती सापडली, असे सांगितले जाते. आज तेथे मंदिर आहे. ही घटना श्रद्धेची की योगायोगाची, हा वाद समीक्षेचा नव्हे. तिची रचना मात्र समीक्षेचा विषय आहे. जेथे जमिनीतले धन परवान्याने उपसले जात होते, तेथेच एका श्रमिकाच्या स्वप्नाने त्या जमिनीत विकता न येणारी वस्तू शोधली. दंतकथेतला राखणदार येथे पुन्हा उभा राहिला. २०२१ मध्ये कळणे येथील खाणीचा बांध फुटून गाळ-पाणी शेतांत शिरले, तेव्हा ‘धन कोणाचे आणि मोबदला कोणी द्यायचा?’ या जुन्या प्रश्नाची धार किती कायम आहे, ते कळून आले.

असे वाचन अंधश्रद्धेला प्रतिष्ठा देते, असा आक्षेप घेतला जाईल. तो गंभीर आहे. १९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातील मानवत येथे झालेल्या खुनांमागे गुप्तधनाचा शोध होता, असे फिर्यादी पक्षाचे म्हणणे होते. बळींमध्ये लहान मुली होत्या. नरबळी व अघोरी प्रथांना प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा गुप्तधनासाठीच्या अघोरी कृत्यांना गुन्हा ठरवितो. या कायद्यासाठी झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्याच वर्षी तो झाला. या कायद्याची आवश्यकता निर्विवाद आहे. परंतु ‘मोबदला काय द्यायचा?’ या प्रश्नाला दुबळ्या घरची मुलगी हे उत्तर कोण देते आणि का, हे हावेच्या सिद्धान्ताने उलगडत नाही. येथेही प्रश्न हक्काचाच आहे : कोणाचे शरीर कोणाच्या मालकीचे मानले गेले? दंतकथेच्या या काळ्या बाजूकडे पाठ फिरविणारे वाचन रोमँटिक ठरेल. तिला केवळ अज्ञान म्हणून निकालात काढणारे वाचन आळशी.

म्हणून मागणी साधी आहे. लोककथा संकलित करणाऱ्याने कल्पनाबंधाबरोबर त्या जागेचा सातबाराही वाचावा. ‘कोंडुरा’सारख्या कादंबरीचे विवेचन करणाऱ्याने दैवी देणगी आणि तिचा माणसाने लावलेला अर्थ यांतील अंतर केवळ मनात न शोधता गावातील सत्तेतही शोधावे. गुप्तधनाच्या कथेत शेवटी धन कोणालाच मिळत नाही, याला आजवर कथेचा नैतिक शेवट मानले गेले. वस्तुतः तो निकाल न लागलेल्या दाव्याची नोंद आहे. तो दावा फेटाळण्याचा अधिकार समीक्षेला कोणी दिला?