डोळ्याची साक्ष आणि भिंगाची साक्ष

उत्तर नॉर्वेमधील लोफोतेन बेटांच्या किनाऱ्यावर काढलेलीं ध्रुवीय प्रकाशाचीं छायाचित्रें हल्लीं पुष्कळ घरीं पाहावयास मिळतात. खालीं काळेभोर कडे, मध्यें निश्चल खाडी आणि वर हिरव्या तेजाचे झुलते पडदे! हीं चित्रें पाहून आपल्याकडील कांहीं कुटुंबें मोठा खर्च सोसून तिकडे जातात. आणि प्रत्यक्षांत पुष्कळदां एक फिकट, करडा पट्टा दिसल्यानें हिरमुसलीं होतात. मग ‘फोटो खोटेच असतात’ असा निवाडा देऊन मंडळी मोकळी होतात. हा निवाडा आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

हा भेद कां पडतो तें पाहूं. सूर्याकडून येणाऱ्या विद्युद्भारित कणांच्या झोतानें पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रांत खळबळ माजते. त्या क्षेत्राच्या रेषांवरून वेगानें उतरणारे इलेक्ट्रॉन वरच्या विरळ हवेंतील प्राणवायूच्या अणूंवर आदळतात, आणि ते अणु उजळतात. हिरवा प्रकाश बहुधा १०० ते १५० किलोमीटर उंचीवरचा, तर तांबडा २०० किलोमीटरांच्याही वरचा असतो. हा उजेड मंद असला म्हणजे आपल्या डोळ्यांस आकार दिसतो, रंग ओळखतां येत नाहीं. कॅमेरा मात्र पांचदहा सेकंद भिंग उघडें ठेवून कण कण प्रकाश सांठवितो. म्हणून जें डोळ्यास करडें, तें चित्रांत हिरवें उतरतें. उलट, तेवढ्या वेळांत पडद्यांची जी चंचल हालचाल होते, ती चित्रांत एकमेकींत मिसळून जाते. ती पाहावी डोळ्यानेंच! तेव्हां दोघांचीही साक्ष अपुरी आहे. खोटी कोणाचीच नाहीं.

अशा साक्षीचें मोल कशानें वाढतें, हें त्याच प्रदेशाच्या इतिहासावरून कळतें. आल्टा फियोर्डच्या कांठीं बोसेकॉप येथें मार्टिन ब्रेंडेल या जर्मन गृहस्थानें १८९२ सालीं ध्रुवीय प्रकाशाचें छायाचित्र घेण्यांत प्रथम यश मिळविलें. पुढें १९१० मध्यें कार्ल स्टोर्मर हे नॉर्वेचे गणितज्ञ त्याच गांवीं गेले. त्यांनीं परस्परांपासून कांहीं अंतरावर दोन ठाणीं मांडून तीं टेलिफोननें जोडलीं, आणि दोहोंकडून एकाच क्षणीं चित्रें घेतलीं. मागील ताऱ्यांच्या मानानें प्रकाशाची जागा दोन चित्रांत किती सरकली, हें मोजून त्यांनीं उंचीचें गणित मांडलें. त्या चित्रांत आजचे रंग नव्हते. पण स्थळ, काळ आणि तारे यांची नोंद चोख होती. त्या नोंदीच्या बळावरच आकाशांतील ही अधांतरी शोभा गणिताच्या टप्प्यांत आली.

जे वाचक तिकडे जाणार असतील त्यांस आमची विनंती अशी. तिपाई ओल्या वाळूंत घट्ट रोवावी, पण भरतीच्या रेषेपासून दूर. भिंगाचा नेम एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर जुळवावा, आणि खाऱ्या तुषारांनीं धुरकटलेली कांच वरचेवर पुसावी. थंडीनें बॅटरी लवकर उतरते; यास्तव एक जास्तीची आंतल्या खिशांत, अंगाच्या उबेंत ठेवावी. एक छोटी वहीही जवळ असावी. स्थळ, तारीख, वेळ, भिंग किती सेकंद उघडें होतें, डोळ्यांस प्रत्यक्ष काय दिसलें आणि मागाहून चित्राचे रंग गडद केले काय, हें सारें तींत प्रामाणिकपणें टिपावें. वही मुलांच्या हातीं दिल्यास उत्तमच. पाहणें आणि नोंदणें यांतील शिस्त त्यांस आपोआप लागेल.

परत आल्यावर तें चित्र पाहुण्यांपुढें ठेवाल, तेव्हां हें टिपणही वाचून दाखवावें. पुढें जाणाऱ्याच्या पदरीं मग निराशा येणार नाहीं. आपण काय पाहावयास जात आहों, हें तो आधींच जाणून असेल.