मंत्रिमंडळ आहे, प्रश्न विचारणारे कुठे?

पावसाळ्यात शाळा रुळल्या की राज्यातल्या अनेक माध्यमिक शाळांत शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते. मोबाइलवर मतदानयंत्राचे अ‍ॅप, बोटाला शाई, मग मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री यांचा थाटात शपथविधी. त्यानंतर वर्षभर या मंत्र्यांच्या वाट्याला बहुधा रांगा लावणे आणि पाहुण्यांना पुष्पगुच्छ देणे एवढेच येते. त्याच शाळेतल्या मराठी वाङ्मय मंडळाची गत निराळी नसते. उद्घाटन झाले, २७ फेब्रुवारीला पाठ केलेली भाषणे झाली की मंडळ झोपी जाते. दोन्ही उपक्रम निस्तेज राहतात, कारण ते एकमेकांपासून तोडलेले आहेत. मंत्रिमंडळाला जाब विचारणारे कोणी नाही आणि वाङ्मय मंडळाला लिहायला खरा विषय नाही.

दहावीच्या मराठीत पत्रलेखन आणि बातमीलेखन आहेच. पण मागणीपत्र जाते काल्पनिक दुकानदाराला आणि बातमी असते न झालेल्या समारंभाची. त्याऐवजी मंत्रिमंडळाची महिन्याला एक खुली बैठक व्हावी आणि वाङ्मय मंडळाने तिचा वृत्तान्त भित्तिपत्रकावर लावावा. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी का नसते, ग्रंथालयाचे कपाट कुलूपबंद का, याची लेखी विचारणा व्हावी आणि उत्तरही लेखीच मिळावे. नेमका प्रश्न मांडणे, आरोप आणि पुरावा यांत फरक करणे, कोणाचे म्हणणे विपर्यास न करता उतरवून घेणे ही भाषेची कौशल्ये आहेत, तशीच नागरिकत्वाचीही. २०२० च्या कायद्याने शाळांत मराठी सक्तीची झाली. पण भाषेचा उपयोग पटायला सक्तीपेक्षा गरज लागते. ६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणले. दहावीतल्या मुलांच्या हाती तो हक्क दोन-तीन वर्षांत येणार आहे.

मुलांना एवढी समज कुठली, हा पहिला आक्षेप. राजस्थानातल्या तिलोनियाच्या रात्रशाळांमध्ये दिवसा गुरे राखणारी मुले आपली बालसंसद निवडत आली आहेत. शिक्षक वेळेवर येतात का, साहित्य पुरते का, यावर ती संसद लक्ष ठेवते. आपली नववी-दहावीची मुले त्याहून अजाण ठरवण्याचे कारण नाही. दुसरा आक्षेप राजकारण शिरण्याचा, आणि तो पोकळ नाही. हिंसेमुळेच महाराष्ट्रात १९९० च्या दशकात महाविद्यालयीन निवडणुका थांबवून गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली होती. परंतु तिथे पैसा आणि पक्ष बाहेरून आले होते. प्रचार वर्गातच, खर्च शून्य आणि बाहेरच्यांना मज्जाव एवढे नियम शाळेला सहज पाळता येतात. उरला शिक्षकांवरच्या बोजाचा आणि दहावीच्या अभ्यासाचा मुद्दा. अशैक्षणिक कामांनी शिक्षक आधीच वाकले आहेत, हे खरे. म्हणूनच इथे नवा उपक्रम सुचवलेला नाही. असलेल्या दोन उपक्रमांची सांगड घालायची आहे. महिन्याला एक तासिका पुरेल, आणि ती मराठीचीच असेल.

खरी अडचण मोठ्यांच्या मनाची आहे. भित्तिपत्रकावरचा अवघड प्रश्न दुसऱ्या दिवशी फाडला गेला, तर मुले लोकशाहीचा धडा त्यातूनही शिकतील. तेव्हा मुख्याध्यापकांनी शपथविधीच्या दिवशी एक शपथ स्वतःही घ्यावी: फलकावरच्या प्रत्येक प्रश्नाला आठवड्याभरात सहीनिशी उत्तर देण्याची.