नवी नदी कोणासाठी नवी?

स्मॉलमाउथ बास हा मासा दिसायला फार देखणा नाही. काशाच्या भांड्यासारखा तपकिरी रंग, अंगावर उभे पट्टे, लालसर डोळे. पण गळाला लागला की पाण्याबाहेर उसळ्या मारतो आणि वजनाच्या मानाने अशी झुंज देतो की अमेरिकेतले हौशी मासेमार त्याच्यासाठी वेडे होतात. या बाससाठी नवी नदी धुंडाळणे हा त्यांचा लाडका उद्योग.

हा छंद मला आवडतो, कारण त्यात आधी नदी वाचावी लागते. उतार कुठे, वळण कुठे, खडक कुठे हे नकाशावर पाहायचे. मग पाण्याची पातळी. तिथल्या सरकारी भूसर्वेक्षण संस्थेची मापनकेंद्रे हजारो ठिकाणी आहेत आणि त्यांचे आकडे सर्वांना खुले आहेत. पाण्यात उतरल्यावर दगड उलटून बघायचे. खाली क्रेफिश दिसले तर आशा धरायची, कारण ते बासचे आवडते खाद्य. त्याला स्वच्छ, वाहते, गोट्यांचे पाणी लागते. वेगवान धार आणि संथ पाणी जिथे एकमेकांना भेटते, तिथे मोठ्या दगडाच्या आडोशाला तो दबा धरून बसतो. वसंतात पाणी पंधरा-सोळा अंशांवर आले की नर घरटे करतो आणि अंड्यांची राखण करतो. त्या वेळी नर घरट्यावरून उचलला, तर इतर मासे अंडी फस्त करतात. एवढे शिकून जो गळ टाकतो, त्याला नदीबद्दल प्रेम वाटणारच.

पण एक प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. हा मासा या नदीत आला कसा?

बासचे मूळ घर म्हणजे ग्रेट लेक्स, सेंट लॉरेन्स आणि मिसिसिपीच्या वरच्या खोऱ्यातले पाणी. वॉशिंग्टन शहराजवळून वाहणाऱ्या पोटोमॅकमध्ये तो नव्हता. १८५४ साली आगगाडीच्या इंजिनाला जोडलेल्या पाण्याच्या टाकीतून सुमारे ३० मासे डोंगरापलीकडून आणले आणि कंबरलंड इथे कालव्यात सोडले. तिथून ते नदीभर पसरले. पुढे माणसांनी तो पार पॅसिफिककडच्या नद्यांतही पोचवला. कोलंबिया नदीत तो आता सॅमनची पिले खातो. म्हणून ओरेगॉन राज्याने २०१६ मध्ये कोलंबिया, जॉन डे आणि अंपक्वा या नद्यांतली बासची पकड-मर्यादाच काढून टाकली. कितीही पकडा!

ग्रँड कॅन्यनमधली गोष्ट आणखी बोलकी आहे. लेक पॉवेल जलाशयात बास होता, पण धरणाखालचे पाणी खोलातून सुटणारे, थंडगार. दुष्काळात जलाशय खाली गेला, वरचे कोमट पाणी जनित्रांकडे जाऊ लागले आणि त्याबरोबर बासही. २०२२ मध्ये धरणाखाली त्याची पिले सापडली. तिथे हंपबॅक चब हा दुर्मीळ देशी मासा कसाबसा तग धरून आहे. त्याला वाचवण्यासाठी २०२४ मध्ये वीजनिर्मितीवर पाणी सोडून, जनित्रांना वळसा घालून थंड पाणी नदीत सोडावे लागले. एका माशाच्या स्थलांतराची ही किंमत!

मग बास वाईट का? अजिबात नाही. घुसखोर, परका हे शब्द माशासाठी वापरताना जपायला हवे, कारण ते शब्द फार पटकन माणसांवर उलटतात. मासा स्वतःहून डोंगर ओलांडून आला नाही, त्याला टाकीत भरून कोणीतरी आणले. दोष असलाच तर आणणाऱ्याचा. शिवाय प्रत्येक नदीचा न्याय वेगळा. पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहॅनातही बास बाहेरूनच आला, पण दीड शतकात तो तिथलाच झाला. २००५ मध्ये त्याची पिले रोगाने मरू लागली, तेव्हा लोक हळहळले आणि पुढे नदीच्या मोठ्या पट्ट्यात पकडलेला बास परत सोडण्याचा नियम आला. तोच मासा एका नदीत राखायचा, दुसरीत काढायचा. हा दुटप्पीपणा नाही, तो विवेक आहे.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. नवी नदी जरूर शोधा, पण तिथे कोण आधीपासून राहते हे गळ टाकण्याआधी विचारा. बास जिथे रुजला आहे तिथे विणीच्या काळात त्याला छेडू नका. जिथे तो देशी माशांच्या जिवावर उठला आहे तिथे पकडलेला परत सोडू नका, घरी नेऊन शिजवा. आणि कोणत्याही परिस्थितीत बादलीत मासे भरून एका पाण्यातून दुसऱ्यात नेऊ नका.

हे दूरच्या देशाचे शहाणपण म्हणून सोडून देण्यासारखे नाही. १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापिया आज चिलापी या नावाने उजनीच्या बाजारात ढिगाने विकला जातो. गरिबाच्या ताटात तो पोचला, हेही खरे. पण त्याच्या आधी त्या पाण्यात कोण होते, हे सांगणारे कोळी आता म्हातारे झाले आहेत. त्यांना आजच विचारून घेऊ या.